चांदीचं कडं अन् कातडी हातमोजे

मु. मुरुम, चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप सिद्रामप्पा मामांच्या पायाशी,

भाचा वीरभद्र याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आठांपैकी तीन अंगं सध्या कामावर न्हाईत अन् डावी बरगडी जमिनीला टेकू देत न्हाय. तवा पाच अंगांवर समाधान मानावं. शांताक्का मामींचा गुडघा कसा आहे? चि. उमा मॅट्रिकला बसली हे कळून लई आनंद झाला. (हसता मात्र आलं न्हाय, ओठ फुटलाय.) सोलापुरात तुम्ही शिवाशिवीविरुद्ध केलेलं भाषण छापून आलं, ते इथं अव्वानं, म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीनं, देवघरात चिकटवलंय. मी सध्या तब्येतीसाठी गावाबाहेर मोकळ्या हवेत राहतोय. काळजी नसावी.

मागच्या दिवाळीत तुम्ही भरल्या पंगतीत बोलून गेलात की ज्याच्या दंडात मुरुमच्या जत्रेचं चांदीचं कडं, त्यालाच उमा देईन. मामा, चार वर्षं ते कडं माझ्याच दंडात आहे. यंदाच्या कुस्तीबद्दल मोटारीच्या ड्रायव्हरनं तुमच्या कानात काही भरवलं असेल तर ते काढून टाका. खरा प्रकार मी कळवतोय. अक्षर या खेपेला वाचण्याजोगं आलंय याचं नवल वाटेल, पण त्याकडं दुर्लक्ष करा.

इथं गावाबाहेर कातडी कमावणाऱ्यांची वस्ती आहे. त्यातला गुंडाप्पा तुमच्या सोलापुरात गिरणीत होता, तिथल्या तालमीत त्यानं भल्याभल्यांना आभाळ दाखवलं, अन् तीन वर्षं झाली, जत्रेला येऊन तो आखाड्याच्या दोरीबाहेर लंगोट लावून उभा राहतो. शेवटच्या, कड्याच्या कुस्तीला जोड कोण, म्हणून पुकारा झाला की हात वर करतो. पंच दुसरीकडं बघतात. मी तरी काय करणार? मी आपला छाती पुढं काढून सांगायचो, गड्या, मी तयार आहे, पण धर्म आडवा येतो. (तुमच्यापाशी काय लपवायचं, त्याच्या मांड्या बघितल्या की मला धर्म जरा जास्तच आठवायचा.) त्यामुळं दोन वर्षं मला जोडच मिळाली न्हाय अन् कडं तसंच मिळालं. (तीन वर्षं.)

यंदा मात्र लोकांनी उचल खाल्ली. बिनकुस्तीचं कडं बघायला आम्ही आलमल्याहून चालत यायचं व्हय, असं म्हणून माणसं परत फिरायला लागली, मिठाईवाल्यांनी पाल टाकायला नकार दिला, तेव्हा कुठं जत्रेच्या पंचांचे प्रमुख कल्याणप्पा यांना जाग आली. बैठक बसली. कुस्ती तर लावायची, पण अंगाला अंग न लागता, असा पेच पडला. एकानं सुचवलं, दोघांनी घोंगड्या पांघरून लढावं. चैत्रातल्या उन्हात! दुसरा म्हणाला, दोघांनी दोन आखाड्यांत आपापली कुस्ती करावी अन् पंचांनी बेरीज करावी. यावर एक तास चर्चा झाली, खोटं वाटेल तर अव्वाला विचारा.

शेवटी लढाईवरून परतलेले लालूमिया हवालदार बोलले. मिसर देशात त्यांना एका काळ्या शिपायानं गोष्ट सांगितली होती. सायबाच्या मुलखात म्हणे हातात गुबगुबीत मोजे घालून ठोशांची कुस्ती खेळतात. तिथल्या जड वजनाच्या गोऱ्या पैलवानांनी ठरवलं होतं की आपला मान काळ्याला मिळता कामा नये, म्हणून काळ्याशी लढायचंच न्हाय. एक काळा पैलवान मात्र असा जिद्दी, की गोऱ्याच्या मागं मुलूख मुलूख पालथा घालत, समुद्र ओलांडून गेला अन् अखेर त्याला गाठून असा ठोकला, की पोलिसांना मधी पडावं लागलं. मामा, आम्ही पोट धरून हसलो. काय ती गोऱ्यांची अक्कल! रंग बघून कुस्ती ठरवतात! कल्याणप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, आपल्याकडं रंगाचं काही न्हायच. आपला वीरभद्र तव्यासारखा काळा अन् गुंडाप्पा त्याच्यापेक्षा उजळ, पण आपण कधी काढलं का? मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, ते मोजे घातल्यावर अंगाला हात लागत न्हाय ना? हवालदार म्हणाले, जी न्हाय, कातडंच लागतं. झालं! फैसला तिथंच झाला.

आता मोजे कातडी, अन् मुरुमात कातडं शिवणारा एकच चांगला हात, तो गुंडाप्पाच्या बापाचा, धुळाप्पाचा. तो म्हणाला, हात हातात घेतल्याबिगर माप कसं कळावं? पंचांनी तोडगा काढला. मी चिखलात दोन्ही पंजे दाबायचे अन् निघून जायचं; मागनं धुळाप्पानं येऊन ठशाचं माप घ्यायचं. धुळाप्पा आला दोन दिवसांनी. तवर चिखल वाळून आकसला होता. त्यानं इमानानं त्याच मापाचे मोजे शिवले! गुंडाप्पाला त्यानं मांडीशी बसवून, बोट बोट धरून माप घेतलं होतं, त्याचे मोजे कसे मऊ बसले. माझे चढवायला चार जणं लागली, अन् एकदा चढले ते निघेचनात. सकाळपासनं अव्वा मला भाकरी भरवत होती. बाकीच्या अडचणी लिहीत न्हाय, पत्र उमाही वाचत असेल.

त्यात कोणीतरी शंका काढली की पैलवानानं हातात कातडं घालून देवापुढं जावं कसं? कल्याणप्पांनी निकाल दिला, पायात कातडं चालतं ना, मग कुस्ती संपेस्तोवर वीरभद्रचे हात हे पाय समजावेत. गाव खूश. फक्त मला देवाला हात जोडता आले न्हाईत, कारण ते पाय होते.

तर अशा चार पायांवर मी आखाड्यात उतरलो. हलगी कडाडली, हवालदारांनी शिट्टी फुंकली. माणसं झाडांवर चढली होती, वस्तीतली सगळी माणसं लांब बांधावर गोळा झाली होती. पहिला ठोसा माझा. तो कुठं गेला ते अजून सापडलं न्हाय. मग त्यानं मला तीन मारले. (चार.) आता मामा, जन्म गेला कुस्तीत, डोळ्यापुढं अंधारी आली की पैलवान काय करतो? समोरच्याला मिठी मारतो! मी मारली. सगळ्या जत्रेदेखत गुंडाप्पाच्या उघड्या गळ्यात उघडा पडलो, छातीला छाती, घामाला घाम. पंच "सोड! सोड!" म्हणून किंचाळत होते. गुंडाप्पा हळूच माझ्या कानात म्हणाला, "पैलवान, सोडू का? पडाल." मी म्हणालो, "सोडू नको, बाबा." शिट्टी झाली, हवालदारांनी आम्हाला वेगळं केलं अन् पुढचा ठोसा बसला. तो मला लागलाच न्हाय, कारण तवर मी झोपलो होतो.

जाग आली, पण डोळे उघडले न्हाईत, ऐकत पडलो. मला वाटलं होतं माझी तालमीतली पोरं मला खांद्यावर घेतील. ती चार हात लांब उभी होती. कल्याणप्पा विचार करत होते की याला शिवलं तर नुसतं पाणी शिंपडून भागेल का आंघोळच करावी लागेल, अन् आंघोळ म्हटली तर विहिरीनं तळ गाठलाय. अव्वा बायकांतनं ओरडत होती, "अरे, उचला रे माझ्या लेकराला!" पण तिलाही बायकांनी धरून ठेवलेलं. ऊन असं होतं मामा! नाकातलं रक्त कानात जात होतं. चार वर्षं ज्यांनी माझ्या नावानं आरोळ्या दिल्या, त्यांतल्या एकालाही वाकता आलं न्हाय. मला रडू आलं, खरं सांगतो.

मग कोणीतरी उचललं. डोळे न उघडताच मला कळलं, कारण ती मिठी ओळखीची झाली होती. गुंडाप्पानं मला वस्तीवर नेलं. धुळाप्पानं रापी घेऊन मोजे कापले, माझा सुजलेला पंजा आपल्या हातात धरला, बोटं चाचपली अन् म्हणाला, "आत्ता कळलं माप." मी तिथं पाणी प्यालो का, हे कृपा करून विचारू नये. (दोन तांबे.)

आता निकाल. पंच म्हणाले, मिठी पडली तिथंच ती ठोशांची कुस्ती मोडून साधी कुस्ती झाली. साध्या कुस्तीत गुंडाप्पाला मनाई. सबब कुस्ती झालीच न्हाय अन् कडं वीरभद्रचंच. ते द्यायला कल्याणप्पा स्वतः आले, पण सोमवारच्या शुद्धीपर्यंत मी शिवायच्या लायकीचा नसल्यानं त्यांनी ते लांबनं फेकलं. माझ्या हातनं सुटलं, धुळीत पडलं. गुंडाप्पानं उचलून पुसलं अन् माझ्या हातात दिलं.

तरी कडं कायद्यानं माझ्याकडंच आहे. अट पुरी झाली. तवा लग्नाची तिथी कळवावी.

तुमचाच,
वीरभद्र

ता. क. — पत्र आज टपालात पडणार होतं, पण सही झाल्यावर लिहिणाऱ्यानं दौतीला बूच लावलं अन् म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून म्या लिहिलं. हा कड्याचा निकाल मात्र पेटीत तुमच्याच हातानं टाका." माझी तर बोटं मोडलीत मामा, मी लेखणी कुठली धरणार? गिरणीत असताना रात्रीच्या वर्गाला जाऊन गुंडाप्पा लिहायला शिकलाय. कंसातले एकदोन शब्दांचे शेरे त्याचे. मोकळी हवा म्हणजे त्याचंच घर. मी त्याला बूच परत काढायला लावलं. मग दंडातलं कडं काढलं अन् त्याच्या हातात दिलं. फेकलं न्हाय.

आणखी ता. क. — म्हणजे तुमच्या अटीप्रमाणं आता उमा माझी होत न्हाय. गावही माझं होत न्हाय. शुद्धीला मी येत न्हाय असं पंचांना कळवलंय. गुरुवारच्या मोटारीनं मी अन् गुंडाप्पा सोलापूरला तालमीसाठी येतोय. तुमच्याकडं उतरू. मामींना सांगावं, दोन पाट मांडा, एका ओळीत, शेजारी शेजारी. भाषण मी वाचलंय, तवा तुम्हाला जड जाऊ नये.

शेवटची ता. क. — चारही पानं तुम्ही इथवर हातात धरूनच वाचली असणार. आता आंघोळीला पाणी तापवायला सांगणार असाल तर जरा थांबा. आधी पत्र उमाला द्या, लिहिणारा कोण तेही सांगा. तिनं ते हातात घेतलं का चिमट्यानं, तेवढं कळवा. माझी आता एवढीच अट आहे.