एकच मालक, उत्तम राखलेली

३० मार्च २००६, गुरुवार. गुढीपाडवा. सकाळी ६.५०

संकल्प: हिरवी गाडी विकायची. ठरलं.

चौदा वर्षं झाली घेऊन. १९७१ची कॅल्डर रोडस्टर, दोन सीट, कापडी टप. अख्ख्या लीड्समध्ये इतकी राखलेली दुसरी सापडणार नाही. दर रविवारी नऊ ते अकरा पॉलिश, एकही रविवार चुकलेला नाही. पण रिटायर झाल्यावर माणसाने मोह सोडावेत. गॅरेजची स्टडी करायची आणि तिथे बसून आत्मचरित्र लिहायचं. नाव तयार आहे: 'एका भूलतज्ज्ञाची जागृती'.

सुलक्षणाला सांगितलं तेव्हा ती शॉवर-कर्टनच्या दांड्याला गुढीचा खण बांधत होती. काही बोलली नाही. म्हणजे मान्य आहे. लग्नाला चौतीस वर्षं झाली की बायकोच्या मनातलं न बोलता कळतं.

आता निघतो. बाकीचं काम सोडलं तरी गुरुवारची वेकफील्डच्या हॉस्पिटलातली ऑपरेशनची लिस्ट मी सोडलेली नाही. तिथे माझ्याशिवाय पान हलत नाही.

२ एप्रिल, रविवार

पॉलिश. मग जाहिरात लिहिली:

'चौदा वर्षं एकच मालक. घरंदाज. उत्तम राखलेली. शांत स्वभाव. पावसात कधी बाहेर पडलेली नाही. वर्षाला फार तर वीस मैल, तेही एमओटीच्या तपासणीला जाण्यायेण्यापुरते. खरेदीदाराने घरची सविस्तर माहिती कळवावी.'

एडिनबराहून वरदाचा फोन आला, तिला वाचून दाखवली. म्हणाली, बाबा, तुम्ही गाडीचा लग्न लावताय का? (मुलीचं मराठी असंच. जन्म इथला.) ती हसत होती, पण मला कल्पना पटली. चौदा वर्षं वाढवलेली वस्तू कुणाच्याही हातात कशी द्यायची? नियम ठरवला: येणाऱ्याला आधी बैठकीत बसवायचं, पोहे द्यायचे, विचारपूस करायची, आणि पसंत पडला तरच गाडी दाखवायची. पोहे सुलक्षणा करेल. तिला विचारायचं राहिलं.

नंतर मायलेकी अर्धा तास फोनवर कुजबुजत होत्या. गाडीला किती येतील याचा अंदाज घेत असाव्यात.

९ एप्रिल, रविवार

पहिलं स्थळ. मि. ॲक्रॉइड, हॅरोगेटहून. माणूस दिसायला बरा, पण बूट न काढता आत आला. सोफ्यावर बसवलं. विचारलं: गॅरेज स्वतःचं की भाड्याचं? घरात मांजर आहे का? आधीच्या गाडीशी का पटलं नाही? तो म्हणाला की मी फक्त गाडी बघायला आलोय. त्याला सांगितलं की सगळे असंच म्हणतात.

पोहे आले. पहिल्या घासाला कान लाल. दुसऱ्या घासाला सगळा चेहरा. मग म्हणाला की जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो, आणि तिथून थेट हॅरोगेटला गेला.

त्याच्या प्लेटमध्ये नऊ मिरच्या सापडल्या. सुलक्षणा म्हणाली, अहो, हात चुकला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी मोह सोडतोय हे बघून बिचारी मनातून हलली आहे.

१३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ४.५०

वेकफील्डहून आल्यावर नेहमीप्रमाणे गॅरेजमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवला. कोमट! गॅरेजला खिडकी नाही, बाहेर नऊ डिग्री. ग्लोबल वॉर्मिंगबद्दल पेपरात येतं ते अगदीच खोटं नसणार.

सुलक्षणा योगाच्या क्लासहून नुकतीच आली होती. गाल लाल, केस विस्कटलेले, भलतीच खुशीत. योगा तिला चांगला मानवला आहे.

१६ एप्रिल, ईस्टर संडे

दुसरं स्थळ. सुयश, पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, दोन वर्षांच्या व्हिसावर. बायको अक्षया बरोबर. आपली माणसं. हात आजही चुकला होता, तरी दोघांनी पोहे मागून घेतले. सुलक्षणाचा चेहरा उतरला. पोहे संपले म्हणून असेल.

सुयश म्हणाला, काका, एक राउंड मारू या ना, तुम्हीच चालवा. मी कमरेवर हात ठेवला. (कंबर दुखत नव्हती. पण दुखू शकली असती.)

इथे एक तांत्रिक तपशील नोंदवून ठेवतो. माझं लायसन्स ऑटोमॅटिक गाडीपुरतं आहे (रोजची चंदेरी गाडी तशीच आहे). १९७९मध्ये गिअरच्या गाडीवर तीनदा टेस्ट दिली. तिन्ही एक्झॅमिनर मनात काहीतरी धरून बसले होते. चौथ्यांदा ऑटोमॅटिकवर दिली, पास. तेव्हा ही हिरवी गाडी मी कधी चालवलेली नाही, असं एखादा म्हणू शकेल. पण गाडी चालवणं वेगळं आणि गाडी समजणं वेगळं. सुलक्षणा गिअरवर पहिल्याच टेस्टला पास झाली, केवळ नशीब. एमओटीला गाडी तीच नेते. पण ते काम झालं, त्याला ड्रायव्हिंग म्हणत नाहीत.

सुयशने गॅरेजमध्येच इंजिन सुरू केलं. एका किल्लीत लागलं. म्हणाला, काका, रेग्युलर चालवता वाटतं, एकदम स्मूथ आहे. पॉलिश आतपर्यंत पोचतं हे मी नेहमी सांगत आलोय.

जमतच आलं होतं. इतक्यात सुलक्षणाने अक्षयाला डिकी उघडून दाखवली. म्हणाली, बघ बाई, ह्यात दहा किलो तांदळाची पिशवी मावत नाही, आणि कशीबशी कोंबलीच तर डाळ घरी राहते. अक्षयाने सुयशकडे बघितलं. विषय संपला. सुयश गाडीला टेकून फोटो तेवढा काढून गेला, पुण्याला पाठवायला.

१८ एप्रिल, मंगळवार

ड्रायव्हरच्या सीटखाली रेशमी स्कार्फ मिळाला, निळा, बारीक फुलांचा. मेकॅनिक विसरला असणार. कापड उत्तम आहे. त्याने दोन्ही बंपर पुसून काढले, आरशासारखे झाले.

संध्याकाळी सुलक्षणाने स्कार्फ बघितला. जेवताना बोलली नाही. आमटीला मीठ नव्हतं.

२० एप्रिल, गुरुवार

सुलक्षणा अजून बोलत नाही. माझ्या वाटचं दुःख तीच करतेय. मोठ्या मनाची आहे.

२३ एप्रिल, रविवार. दुपारी ४

जमलं! मि. हॉलरॉइड, रिटायर्ड शिक्षक, ऑटलीला राहतात. बूट दारात काढले. गॅरेज स्वतःचं, कोरडं. मांजर नाही. आधीची गाडी एकोणीस वर्षं सांभाळली, तिचा फोटो अजून पाकिटात ठेवलाय. पोह्यांत आज बारा मिरच्या होत्या. तीस वर्षं ब्रॅडफर्डमध्ये भारतीय-पाकिस्तानी मुलांना शिकवलंय म्हणाले, आणि दुसरी प्लेट मागितली.

मग फाइल मांडीवर घेऊन एमओटीची चौदा सर्टिफिकेटं वाचली. म्हणाले, डॉक्टर, ह्याप्रमाणे गाडी वर्षाला सोळाशे मैल चाललीय. मी सांगितलं, काटा बिघडलाय, उगाच पळतो. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले की ही गाडी मी इल्कलीच्या रस्त्यावर दर गुरुवारी बघतो. मी हसलो. ह्या रंगाच्या पुष्कळ असतील. (३० मार्चला 'दुसरी सापडणार नाही' असं लिहिलंय, पण ते लीड्सबद्दल. इल्कली ब्रॅडफर्डकडे येतं.)

हात मिळवले. येत्या शनिवारी घेऊन जाणार. सुलक्षणाला बोलावलं, पण ती किचनमधून बाहेर आली नाही. कांदा चिरत होती म्हणे. डोळे लाल होते खरे.

संकल्प पूर्ण होतोय. मी अगदी शांत आहे. ते गेल्यावर दोन तास गाडीत बसलो, सीट तपासायला. स्टिअरिंग थोडं ओलं झालं. गॅरेजमध्ये दमट आहे.

२७ एप्रिल, गुरुवार. दुपारी २.४०

सर्जन आजारी, लिस्ट रद्द, लवकर घरी आलो. गॅरेज उघडं. गाडी नाही. गाडी नाही!!

पोलिसांना फोन केला. लाइनवर एक बाई आहेत. होल्डवर ठेवलंय.

दुपारी ४.१०

बाईंनी शांतपणे विचारलं की रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर आहे. म्हटलं, अर्थात माझ्या. त्या म्हणाल्या, कागद बघून सांगा. फाइल उघडली. कागदावर: मिसेस सुलक्षणा खांबेटे.

आठवलं. १९९२मध्ये इन्शुरन्सवाल्याने सांगितलं होतं की ज्यांच्याकडे गिअरचं लायसन्स आहे त्यांच्या नावावर करा. किरकोळ कागदी बाब म्हणून मी विसरून गेलो होतो.

बाईंनी विचारलं, मिसेस खांबेटे घरी आहेत का? म्हटलं, योगाला गेल्यात. त्यांनी विचारलं, योगाला कशाने गेल्यात?

तेवढ्यात ड्राइव्हवेवर गाडी आली. टप खाली, सुलक्षणा चाकावर, डोळ्यांवर गॉगल, आणि मोठ्याने गाणं चाललेलं. मला बघून गाणं थांबलं. पोलीसबाईंना थँक यू म्हटलं. त्या म्हणाल्या, नो प्रॉब्लेम, लव्ह. (इकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.)

संध्याकाळी ७.३०

योगाचा क्लास कधी नव्हताच.

चौदा वर्षं, तिला लॅबमधून गुरुवारची सुट्टी, मी वेकफील्डला. अकराला निघायचं, इल्कलीला चहा आणि स्कोन घ्यायचा, मूरच्या माळरानावर टप खाली करून बसायचं, गाणी म्हणायची, चारला परत. काटा बिघडलेला नाही. पोह्यांत हातही चुकला नव्हता. वरदाला सगळं माहीत होतं.

सुलक्षणा म्हणाली, लॅबमध्ये बावीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. वरदाला वाढवलं. तुमच्या आईंचे सहा-सहा महिन्यांचे तीन मुक्काम निभावले. आठवड्यातला एक दिवस माझा होता, तो तुम्ही जाहिरात देऊन विकायला काढलात. वर माझ्या स्कार्फने बंपर पुसलेत.

मी म्हटलं, मग सांगायचंस ना. ती म्हणाली, तुम्ही विचारायचं होतंत.

मला लाज वाटली. खूप. इथे लिहून ठेवतो, कारण आत्मचरित्रात हे घेणार नाही.

२९ एप्रिल, शनिवार

हॉलरॉइड आले. दार सुलक्षणाने उघडलं. त्यांनी टोपीच काढली. म्हणाले, अरे, गुरुवारच्या बाई! गेली कित्येक वर्षं रस्त्यावर एकमेकांना हात करतात म्हणे. तिने सांगितलं की गाडी माझी आहे आणि मी सही करणार नाही. ते रागावतील वाटलं होतं. उलट म्हणाले की गुरुवारी ती गाडी दिसली नसती तर चुकचुकल्यासारखं झालं असतं. पोहे खाऊन गेले. साधे.

मी म्हटलं, चला, मिटलं. सुलक्षणा म्हणाली, मिटलं कसं? पाडव्याचा संकल्प आहे, मोडायचा नाही. एक गाडी विकायची होती ना, एक विकू.

१ मे, सोमवार. बँक हॉलिडे

सुलक्षणाने इल्कलीला नेलं. चौदा वर्षांत ह्या गाडीत बसून मी गॅरेजच्या बाहेर पहिल्यांदा गेलो. डाव्या सीटवर. फाइल मांडीवर घेतली होती, ती तिने सीटमागे टाकायला लावली.

काय लिहू? चालत्या गाडीचा आवाज पायातून वर येतो. वळणावर मी दार घट्ट धरलं. एवढं पॉलिश करून ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. मला फार, फार आवडलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्याने नव्हतं.

परतताना सिग्नलला तिने मला एकदा गिअर टाकू दिला. जो आवाज झाला त्यावर मागचा माणूस गाडीतून उतरून विचारायला आला. पुन्हा मागितला नाही.

७ मे, रविवार

माझ्या चंदेरी ऑटोमॅटिकची जाहिरात लिहिली, बत्तीस ओळी. बालपण, स्वभाव, आवडीनिवडी. सुलक्षणाने सगळी खोडून चारच शब्द ठेवले: एकच मालक, उत्तम राखलेली.

सकाळी पॉलिशला गॅरेजमध्ये गेलो तर तिने फडकं हातात दिलं. पिवळं. स्कार्फला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

१४ मे, रविवार

एक बाई आल्या. घरात तीन मांजरं, गॅरेज नाही, गाडी रस्त्यावर उभी करणार. मी नापसंतीची मान हलवली. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. पोहे अप्रतिम झाले होते, मऊ, वर खोबरं, एकच मिरची आणि तीही अख्खी, बाजूला काढता येईल अशी. वीस मिनिटांत गाडी गेली.

१८ मे, गुरुवार. सकाळी ६.२०

पाऊस. वेकफील्डला दोन बस बदलाव्या लागतात. सुलक्षणाला विचारलं, सोडतेस का? म्हणाली, इल्कली उलट्या दिशेला आहे. पण डबा दिला, आणि दारापर्यंत आली.

आत्मचरित्र बसमध्येही लिहिता येईल. पाडव्याचा संकल्प तडीस गेला, गाडी विकली. तिचा एकच मालक होता. तो आता बसस्टॉपवर उभा आहे.