डाव्या दारावरचा गंज

७ जानेवारी

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

पंचावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हटलेलं तुझ्या ऑफिसात कळू देणार नाही, निश्चिंत राहा.

बाबांची निळी गाडी भंगारात काढायचं ठरवून मोकळा झालास आणि मला दोन ओळींत कळवलंस. गाडी तुझ्या नावावर आहे, कबूल. पण वर्षभर तिच्यावरची धूळ मी बघतेय. मला मार्चअखेरपर्यंत मुदत दे.

कारण सांगते, हसू नकोस. मी गाड्या चमकवायला शिकतेय. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात दर रविवारी सकाळी सात-आठ हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमतात. म्होरके एक निवृत्त बसड्रायव्हर. सगळे त्यांना आरसेमामा म्हणतात, कारण बॉनेटमध्ये स्वतःच्या मिशीचा केस न् केस दिसल्याशिवाय ते फडकं खाली ठेवत नाहीत. दुसरे एक दातांचे डॉक्टर आहेत. ते गाडीलाही आ करायला सांगतील असं मला सारखं वाटतं.

पहिल्या दिवशी मी भांड्यांचा साबण आणि जुना टॉवेल घेऊन गेले आणि टॉवेल गोल गोल फिरवायला लागले. आरसेमामांनी कपाळावर हात मारला. साबण वेगळा असतो, बादल्या दोन लागतात, हात सरळ रेषेत चालवायचा, आणि पाणी पुसायचं नाही, टिपायचं. शिवाय जमिनीवर पडलेलं फडकं मेलं, ते पुन्हा गाडीला लागता कामा नये. हा नियम अंगवळणी पडायला बाकीच्यांना महिना लागला म्हणे. मी पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली आहेत. पडलेला चिमटा उचलून दिला असता तर सर्जनने मलाच बाहेर फेकलं असतं. आरसेमामा खूश आहेत, मला सिस्टर म्हणतात.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मेळावा आहे, चमकवलेल्या गाड्यांची स्पर्धाही. ये, गाडी बघ, मग तुझं तू ठरव.

लोभ आहेच, हट्ट तेवढा कमी व्हावा.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न.

मुदत दिली. भंगारवाल्याला एक एप्रिलला ये म्हटलंय. तो म्हणाला, तारीख तरी बदला साहेब, मला एप्रिल फूल वाटेल.

पण गाडी जुनी झाली म्हणून मी काढत नाहीये. डावं दार बघ. सतराव्या वर्षी मी न विचारता गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली आणि संध्याकाळी बाबांना दारावर हातभर ओरखडा दिसला. गाडी कुठेही घासली नाही असं मी शपथेवर सांगत होतो. बाबांनी ऐकलं नाही आणि दार रंगवूनही घेतलं नाही. दिसत राहू दे त्याला, म्हणाले. पुढे त्यावर गंज चढला, पण चावी काही माझ्या हातात आली नाही. आणि जाताना तीच गाडी माझ्या नावावर! मला तो शेवटचा टोमणा वाटतो. तू कितीही चमकवलंस तरी तो गंज आणखीच उठून दिसणार.

तुझ्या हौसेचं मात्र कौतुक आहे. गुडघे सांभाळ.

तुझा बाळ्या

२ मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं होईल तसं पाठवते.

आज डाव्या दाराशी पोचलो. धुऊनही न निघणारा मळ काढायला या लोकांकडे एक खास माती असते, मळलेल्या कणकेसारखी मऊ. पाणी मारून तिचा गोळा अलगद फिरवायचा. त्याआधी आरसेमामांनी मला त्या गंजावरून नख फिरवायला सांगितलं. ओरखडा असला तर नख अडकतं. माझं अडकलं नाही. उलट डागच पत्र्यापेक्षा किंचित वर होता. मग माती फिरवली, तर गोळा लाल झाला. आरसेमामा म्हणाले, सिस्टर, गंज पत्रा खातो, हा नुसता चिकटून बसलाय. हा दुसऱ्या कशाचा तरी रंग आहे.

आपल्या गॅरेजात लाल काय होतं, बाळ्या? माझी सायकल. नोकरी लागली तेव्हा बाबांनी घेऊन दिलेली, अजून मागच्या भिंतीशी उभी आहे. घरी येऊन टेप लावली. तिच्या कॅरिअरची कड आणि दारावरचा डाग, दोन्ही एकाच उंचीवर. कडेचा रंग खरवडलेला आणि खाचेत एक निळा कण. ड्यूटीवरून दमून यायचे, सायकल आत ढकलायचे आणि मागे न बघता जिना चढायचे. मला खरंच कळलं नव्हतं रे. पण बाबा तुला बोलत होते तेव्हा मीही मान डोलावली होती, हे चांगलं आठवतंय. त्याची फार लाज वाटते.

अर्धा डाग काढून थांबले. उरलेला तुझ्या वाटणीचा आहे.

लोभ मागायचं तोंड नाही. रागावून का होईना, ये.
तुझी ताई

१२ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न.

येतो.

बाळ्या

४ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न.

सुखरूप पोचलो. समोर बोलता आलं नाही ते लिहितो. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी आरशासमोर दाढी करताना एकदम मोकळं वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो. अडतीस वर्षांनी माझी मलाच ती खात्री परत मिळाली. बाबांना हे कळायला हवं होतं, एवढंच वाटतं.

तू मातीचा गोळा हातात दिलास आणि मी पहिल्या फटक्यात तो जमिनीवर पाडला! अख्खं आवार ओरडलं, मेला, मेला! दातांच्या डॉक्टरांनी तर मला मागेच खेचलं. तू लगेच दुसरा गोळा पुढे केलास, थिएटरात करायचीस तसाच. डाग निघाला तेव्हा मी त्या जागेवरून तीनदा नख फिरवलं, ते तू पाहिलंस आणि पाहिलं नाही असं दाखवलंस.

परीक्षक बाईंनी टॉर्च मारून मारून गाडी बघितली. आता शोधा, म्हटलं! पहिला नंबर सिस्टरचा म्हटल्यावर मी एवढ्या जोरात शिट्टी मारली की आरसेमामांनी दचकून मिशीवरून हात फिरवला. ही माझी ताई, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. शेजारच्या गाडीतल्या कुत्र्यालाही सांगितलं असेल.

भंगारवाल्याला नकार कळवताना सोबत फोटो पाठवला. विकायची आहे का, असं विचारतोय. गाडी तुझ्याकडेच राहील. दर रविवारी तिला मंडळींत नेत जा.

आणि हो, चावीसाठी घर उलथंपालथं करू नकोस. परत येताना गाडी मी चालवली, तेव्हापासून ती माझ्या खिशात आहे. चुकून आणलेली नाही. तुझ्याकडे दुसरी आहेच. ही बाबांची आहे, ही माझ्याकडे राहू दे.

तुझा बाळ्या