तांबूस वडीचा गिलावा

सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. तुझा गुडघाही गप्प असेल अशी आशा आहे. फोनवर आपण दोघं हसत बसतो आणि कामाचं राहून जातं, म्हणून हे पत्र दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. बस तुझ्या दवाखान्यासमोरच थांबते.

तुझी लेक आमच्या घरून मैत्रिणीकडे गेली आहे, शुक्रवारी रात्री इथे परतेल. शनिवारी नाटक कंपनीत तिची रंगभूषेची परीक्षा आहे. परवा फळीवरून माझी थापी काढताना तिची इथे राहिलेली डोळ्यांवर लावायच्या रंगांची डबी खाली पडली. बाकीचे रंग शाबूत आहेत, पण मधल्या तांबूस वडीचा चुरा झाला. नेमकी पोरगी त्याच रंगावर हात बसवत होती. दुकानात गेलो तर ती छटा आता येत नाही म्हणे. वर तिथल्या मुलीने माझ्या सिमेंटच्या हातांकडे बघून, रंग कुणाला लावायचाय, म्हणून विचारलं.

पण घाबरू नकोस. जन्मभर भिंती लिंपल्या, तर एक वडी लिंपायला काय जड आहे? चुरा पाण्यात कालवला आणि थापून बसवला. सकाळ-संध्याकाळ वरून पाणी मारतोय. ऊन लागू नये म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढं ओलं गोणपाटही घातलंय. तरी वडी काही धरत नाही. तुझी भावजय म्हणते, एवढं शिंपताच आहात तर त्यात कोथिंबीर पेरा. तू नर्स, तुला पावडरींचं कळतं. अजून किती दिवस पाणी मारू, ते कळव.

तुझी माया मात्र पक्की धरून राहो, ही विनंती.

तुझा भाऊ


मंगळवार

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वॉर्डात उघडलं आणि इतकी हसले, की डॉक्टरीणबाई नाडी बघायला धावत आल्या. मी त्यांच्या हातात पत्र दिलं. गोणपाटापर्यंत पोचल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या.

अरे शहाण्या, ती काय गच्ची आहे? पाणी ताबडतोब बंद कर. वडी पूर्ण वाळव, पुन्हा कुटून मैद्यासारखी बारीक कर, एकही खडा ठेवू नकोस. मग त्यात थेंब थेंब स्पिरिट घाल. कंडक्टरकडे बाटली दिली आहे, ती दिव्याजवळ नेऊ नकोस. लोण्याइतकं मऊ झालं की डबीत बसव, नाण्याला स्वच्छ कापड गुंडाळून हलक्या हाताने दाब आणि रात्रभर उघडं ठेव. वास पूर्ण गेल्याशिवाय डोळ्याजवळ न्यायचं नाही.

आणि एक सांगते. या खेपेला जमलं नाही तर निमूट परत येऊन बँकेच्या परीक्षेला बसेन, असं तिने मला कबूल केलंय. तिच्या धास्तीपोटीच मी ते कबूल करून घेतलं, आता मलाच ते नकोसं झालंय. तेव्हा डबी पडल्याचं शनिवारपर्यंत तिला बोलू नकोस. आधीच तिचा हात थरथरतो.

भावजयीला म्हणावं, कोथिंबीर आली की जुडी पाठव.

तुला ओवाळून टाकावंसं वाटणारी,
ताई


शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वडी बसली. तू सांगितलंस तसंच सगळं केलं. बोटाला थोडा रंग उरला होता. तो वाळल्यावर, वास गेल्याची खात्री करून, माझ्याच एका पापणीला लावून पाहिला. रंग सुरेख आला, इतका की मी पुसायचा विसरलो आणि तसाच कामावर गेलो. घमेली वाहणारा मजूर दिवसभर माझ्याशी अदबीने बोलत होता. ज्यांचं घर बांधतोय त्या बाईंनी मात्र डोळे आल्यासारखं दिसतंय म्हणून मला सावलीत बसवलं. पुढे आरशात पाहिलं तेव्हा उलगडा झाला.

हलक्या हाताने म्हणजे किती, ते तू लिहिलं नव्हतंस. आत पोकळी राहिली तर उद्या गिलावा सुटतो. म्हणून नाणं कोपराने दाबलं आणि वर रात्रभर दोन विटा ठेवल्या. आता डबी छपरावरून टाकलीस तरी टवका उडणार नाही.

तिच्यापासून लपवणं मनाला बरं वाटत नाही. पहाटे देवापुढे बसलो, तर मिटल्या डोळ्यांपुढे डबीच. शेवटी देवालाच सांगितलं, उद्यापर्यंत तूही गप्प राहा. पोरीचं भलं होऊ दे, मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझ्या पायांशी हा गवंडी आहेच, विसर नसावा.

तुझा भाऊ


सोमवार

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघंच पत्रं लिहायची आणि मी फक्त निरोप पोचवायचे, हे पुरे झालं.

परीक्षेत मला रंगवायला कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या नटी असलेल्या बाई दिल्या. त्यांच्या रागाला भिऊन बाकीच्या मुली मागे सरकल्या होत्या. मी तांबूस रंगावर कुंचला फिरवला, कुंचला कोराच. पुन्हा फिरवला, घासला, तरी कोराच. बँकेची खिडकी दिसायला लागली. शेवटी केसातली पिन काढून खरवडायला लागले, तर तव्यावर उलथनं घासल्यासारखा आवाज. बाईंनी एक डोळा उघडून विचारलं, तिकडे काय बांधकाम चाललंय. मी डबी नीट पाहिली. वडीच्या काठाला अंगठ्याने काढलेला गोलावा होता, आपल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात आहे ना, तसाच. मग मी बाईंना खरं ते सांगितलं, की माझे मामा गवंडी आहेत आणि त्यांनी बहुतेक याला गिलावा केलाय.

मामा, त्या हसल्या. थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं आणि आधी लावलेलं सगळं वाहून गेलं. पुसून पहिल्यापासून केलं, आणि या वेळी माझा हात थरथरला नाही. खरवडलेली पूड ओलसर पापणीवर अशी बसली, की रंगभूषेचे प्रमुख दिव्याजवळ नेऊन बघत राहिले. म्हणाले, या बाईंना इतका वेळ खुर्चीत बसवू शकते ती मुलगी आम्हाला हवी आहे. संध्याकाळी कंपनी दौऱ्यावर निघाली, त्यात मीही. आईला फोन केला, ती नुसती रडत होती.

आता बाईंना रोज तोच रंग लागतो, आणि माझ्या पिना संपल्या. प्रयोगाला याल तेव्हा बारीकशी छिन्नी घेऊन या.

मामीला नमस्कार. मला रागावता येत नाही याचा फायदा घेऊ नये.

तुमची,
भाची