मेणातला खळगा

४ डिसेंबर

चोर घरातच आहे! नमस्कार-चमत्कार नंतर, आधी हे लिहिते. काल संध्याकाळी साचे काठोकाठ भरले, आज सकाळी बघते तर प्रत्येक मेणबत्तीत वातीभोवती हा एवढा खळगा. बोट घालून उकरल्यासारखा. बारीक मेणबत्त्या ओतत होतो तोवर कधी असं झालं नाही. जाड मेणबत्त्यांचं पहिलंच काम मिळालं आणि लगेच कुणाचे तरी हात लांब झाले!

धाकट्या जावेच्या टाचांना भेगा पडल्यात. त्यात मेण भरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. मी काही आंधळी नाही.

५ डिसेंबर

बोलले. चांगलंच बोलले. मुलगा, सून, शेजारीण — सगळ्यांसमोर. "अगं, टाचांना मेण लागतं तर तोंड उघडून माग की! साचे कशाला उकरतेस?"

ती म्हणाली, "ताई, डब्याच्या तळाचं खरवडून घेतलं. साच्याला बोट लावलं नाही."

मी म्हटलं, "नवरा गेल्यापासून या घरात तुला काय कमी पडलं गं?"

हे बोलायला नको होतं. पण माझी जीभ — सुटली की सुटली.

६ डिसेंबर

धाकटी जाऊ तिच्या भाचीकडे निघून गेली. एक पिशवी घेऊन. जेवलीसुद्धा नाही. जाऊ दे! राग की सोंग, कळेलच.

८ डिसेंबर

आज एकटीनंच ओतलं. पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा — थेट आचेवर ठेवलं तर धूर होतो अन् भडकतं. मुलगा-सून कामावर. घरात चिटपाखरू नाही. साच्यांसमोर ठाण मांडून बसले. बघतेच आज!

आधी कडेचं थिजलं, पांढरं झालं. वर साय आली. मग मधलं हळूहळू, आपोआप, खाली बसायला लागलं. कुणाचं बोट नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत.

मेले मी.

९ डिसेंबर

जाड मेणबत्त्यांचं काम देणारा दुकानदार माल बघायला आला. खळगे बघून हसला. "आजी, जाड मेणबत्तीत हे व्हायचंच. मेण तापलं की फुगतं, थिजलं की आकसतं. मग वरून पुन्हा थोडं गरम मेण ओतायचं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा!" वर म्हणतो, "पाण्याचं उलटं. गोठलं की फुगतं. फ्रीजरमध्ये भरलेली बाटली फुटते ना, ती त्यानंच."

मागे आमच्या फ्रीजरमध्ये फुटलेली बाटलीसुद्धा मी धाकटीच्याच नावावर खपवली होती. आदळली असशील म्हणून.

जेवताना मुलानं विचारलं, "काय म्हणाला दुकानदार?" मी म्हटलं, "माल चांगला आहे म्हणाला." बस्स. जन्मभर लोकांना फाडफाड बोलत आले, आणि आज दातखीळ बसली.

१० डिसेंबर

दुसऱ्यांदा ओतलं. खळगे भरले. घरात सांगितलं नाही अजून.

११ डिसेंबर

मुलगा फोन ठेवून हसतच आत आला. "आई, तुझंच खरं निघालं! काकूनं कबूल केलं. म्हणते, मेण मीच उकरलं, चुकले. पण ताईंना सांग, मला घरी येऊ दे."

न केलेली चोरी कबूल केली तिनं. घरासाठी. माझ्यामुळे.

संध्याकाळी परत फोन करणार आहे म्हणे. सगळ्यांना बजावून ठेवलंय — फोनला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी ऐकलं तसंच समोर बसून ऐकायचं, चूक कुणाची ते. उचलणार मी, बोलणार मी.