एकूण माणसं

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाच्या! सामान लावता लावता आई आणि मी पार दमलो, पण घर झकास आहे. नोंदणी कार्यालय पाच मिनिटांवर. शहरातल्या घरांचा डेटाबेस नीटनेटका करायचं काम माझ्याकडे आलंय. एका टेबलात माणसं, दुसऱ्यात घरं. प्रत्येक घरापुढे 'एकूण माणसं' असा कॉलम आहे, आणि कार्यालयातल्या मोठ्या बाई तो वीस वर्षं हाताने भरतायत! मला हसूच आवरेना.

५ तारीख, बुधवार
जे मोजून निघतं ते साठवायचं कशाला? तो कॉलम काढला आणि सूत्र बसवलं. घरातल्या माणसांच्या नोंदी मोजून आकडा आपोआप येतो. मोठ्या बाईंनी एवढंच विचारलं, की आता हाताने बदलता येणार नाही का. मी ऐटीत नाही म्हटलं.

७ तारीख, शुक्रवार
सतरा घरांत आकडा नोंदींपेक्षा एकाने कमी येतोय. सूत्र तीनदा तपासलं, चोख आहे. त्या घरांतल्या माणसांची यादी कागदावर उतरवून घेतली.

१० तारीख, सोमवार
आता सगळं जुळतंय. आकडा तोच आहे, नोंदी कमी झाल्यात. पुसल्याची खूण नाही. कागदावरच्या यादीत एका घरी मुलगी आहे, नोंदींत आता नाही; तिथे फोन करून तिची चौकशी केली. बाई शांतपणे म्हणाली, "आम्हाला मुलगी नाही हो." मागे कुणी रडत नव्हतं.
मलाही काही वाटलं नाही.

११ तारीख
मोठ्या बाईंनी सांगितलं, पूर्वीही एकदा सूत्र बसवलं होतं. त्यांच्या घरात एक जास्तीचा पलंग आहे. कुणाचा, ते त्यांना आठवत नाही. तेव्हापासून त्या आकडे हाताने लिहायच्या. माणसं धरून ठेवायला. आधी का नाही बोललात, म्हटलं.
"ऐकलं असतंस?"

१२ तारीख
सूत्र काढलं. हाताने भरतेय. सेव्ह केलं की आकडा पुन्हा उतरतो — आता अशी एकशे चार घरं —

१३ तारीख
आमचं घर. नोंदी दोन. आकडा एक.
दोन लिहिलं. एक. दोन लिहिलं. एक.
आईला फोन लावला. तिनेच उचलला, देवाची कृपा. हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी बोलत होते. तिने ठेवून दिला.

दुपार
आई धडधाकट आहे. बेल वाजवली, तिने दार उघडलं. माझ्या मागच्या जिन्याकडे पाहिलं. लावून घेतलं.
पायरीवर बसलेय. रडू येत नाही. ती आत भांडी घासतेय — परत हाक मारते —
आ