बघितलं की ठरतं

तीर्थरूप दादांना,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे. तो पूर्ण धरावा.) तुमचा रक्तदाब काय म्हणतो? वहिनींची कंबर? इकडे आम्ही ठीक आहोत, किंवा नाही आहोत, किंवा सरांच्या म्हणण्याप्रमाणे एकाच वेळी दोन्ही आहोत, आणि नेमकं हेच विचारायला पत्र लिहायला बसलो. तुम्ही चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंत आणि मी तेवढीच वर्षं चष्मे विकले. घरातलं विज्ञान कुणाच्या वाट्याला आलं, याबद्दल आपल्यात कधीच वाद नव्हता.

झालं असं, की हिच्या गळ्याशी वाटाण्याएवढी गाठ लागली. डॉक्टरांनी सुई घालून तपासणीला पाठवलं आणि तीन आठवड्यांपूर्वी अहवालाचं चिकटवलेलं पाकीट घरी आलं. आता पाकीट आलं की माणूस उघडतो. पण त्याच दिवशी दुपारी मी आमच्या शेजारच्या शिंप्याबरोबर एका वर्गाला जाऊन बसलो होतो. (शिंप्याची पाठ तिथे बरी झाली म्हणतात. तो अजून वाकडाच चालतो, पण आता आनंदाने चालतो.) वर्ग गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. सर पूर्वी खाली गाद्याच विकत, त्यामुळे त्यांचा आवाज असा आहे की ऐकता ऐकता माणूस आडवा व्हायला बघतो. आता ते क्वांटम आणि चेतना शिकवतात. त्यांनी सांगितलं, की सगळ्यात बारीक कण कुणी बघत नाही तोवर इथेही असतो आणि तिथेही असतो. कुणी बघितलं, की मग ठरतं. आजाराचंही तसंच. माझ्या डोळ्यांपुढे एकदम ते पाकीट आलं. म्हणजे उघडलं नाही तोवर आत दोन्ही आहेत, चांगलंही आणि वाईटही! सरांना विचारलं तर म्हणाले, अजिबात उघडू नका, रोज त्यावर हात धरून चांगल्याची भावना करा.

घरी येऊन मी हिला पाऊण तास सगळं समजावलं. ती शेंगा सोलत होती. शेवटी म्हणाली, "बरं." दादा, सव्वीस वर्षांत ही माझ्या कुठल्याही बोलण्याला पहिल्या फटक्यात बरं म्हणालेली नाही. मी ते सरांच्या शिकवणीचं पहिलं यश धरलं.

तेव्हापासून पाकीट फ्रिजवर आहे. मी सकाळी वीस मिनिटं त्यावर उजवा हात धरून उभा राहतो, डाव्या हाताने हिचा हात धरतो. (हे सरांनी सांगितलेलं नाही, पण नुसतं फ्रिजसमोर उभं राहायला ओशाळल्यासारखं होतं.) दोन जीव एकदा जोडले गेले की कितीही लांब असले तरी एकाचं दुसऱ्याला पोहोचतं, असंही सर म्हणाले. म्हणून दुपारी बारा वाजता दुकानातून छातीवर हात ठेवून मी इकडे ऊब पाठवतो आणि मग पोहोचली का ते फोन करून विचारतो. हल्ली दुपारी ही फोन उचलतच नाही. विचारलं तर शिंप्याकडे गेले होते म्हणते. शिंपी तेव्हा माझ्याच दुकानात बसलेला असतो. पण शिंपीही कदाचित दोन्हीकडे असेल, म्हणून मी ते ताणलं नाही.

धंद्यात मात्र पंचाईत झाली आहे. माझा सगळा धंदाच लोकांना बघायला लावण्याचा. परवा एक गृहस्थ नंबर काढायला आले. मी म्हटलं, तक्त्यावरची अक्षरं वाचूच नका. वाचलीत तर नंबर ठरेल, आज जरा मोकळा राहू दे. ते म्हणाले, "अहो, मी बस चालवतो." मी त्यांना दोन वेगवेगळ्या नंबरांच्या काचा लावून पाठवायला निघालो होतो. शेवटी त्यांनीच तक्ता मोठ्याने वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मला विचारलं, तुम्हाला बरं वाटतंय ना?

पण एक पुरावा आहे आणि त्याचं उत्तर मला हवं आहे. आमचा मिक्सर आठ महिने बंद होता. त्याचा वॉरंटीचा कागद शोधा म्हणून ही आठ महिने मागे लागली होती. तो मिक्सर सोमवारी सकाळी आपोआप सुरू झाला. कुणी हात लावला नाही. सर म्हणतात, माझी भावना फ्रिजवरून सांडली असावी, मिक्सर शेजारीच असतो. तुमच्या विज्ञानात असं सांडतं का? लहानपणी तुम्ही पुठ्ठ्याला दोन फटी पाडून, मागे दिवा धरून मला प्रकाशाचं काहीतरी दाखवलं होतंत. मला फक्त पुठ्ठा आठवतो. तेव्हा नीट लक्ष दिलं असतं तर आज या वयात फ्रिजसमोर उभा राहिलो नसतो.

खरं सांगू का दादा, मला त्या कणाचं काही कळलेलं नाही. मला पाकिटाची भीती वाटते. दुसरं काही नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा (बहुतेक वेळा ऐकणारा),
धाकटा

ता. क. पाकीट या पत्रासोबत घातलं आहे. तुम्ही उघडा. कोण बघतो यावरही असतं, असं सर म्हणतात, आणि तुम्ही बघितलेलं आजवर सगळं नीटच निघालं आहे. चांगलं असेल तर दुकानात फोन करा. वाईट असेल तर फोन करू नका. या.

पुन्हा ता. क. हे पत्र पोस्टात टाकायला हिच्याकडेच देतो आहे. आत चष्म्याच्या फ्रेमींची यादी आहे असं सांगितलंय. तिला काही कळता कामा नये.

भाऊजी, नमस्कार. हे खालचं मी लिहितेय. फ्रेमींच्या यादीला एवढं कुणी डिंकाने चिकटवत नाही, म्हणून उघडून बघितलं.

अहवालाचं ते पाकीट मी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, हे दुकानात गेल्यावर उघडलं होतं आणि अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेले. गाठ साधी आहे. छोटंसं ऑपरेशन करून काढायची, म्हणून दुपारी तपासण्यांना जात होते. पाकीट रिकामं लागू नये म्हणून आत मिक्सरचा वॉरंटीचा कागद घालून पुन्हा चिकटवलं. तो कागद मला ओट्याच्या खणात सापडला, मुदत संपलेला. तीन आठवडे ते त्याच्यावरच हात धरून उभे आहेत. रोज सांगणार होते. पण सव्वीस वर्षांत त्यांनी सलग वीस मिनिटं माझा हात धरला नव्हता, म्हणून आज सांगू, उद्या सांगू असं झालं.

ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी आहे. तुम्ही या. माझी काळजी नाही, पण यांना बाहेरच्या बाकावर धरून बसायला कुणीतरी हवं. तोवर दुकानात फोन करून एवढंच सांगा, की बघितलं, चांगलं आहे. तुमचं ते ऐकतील. बाकीचं मी सांगते.

आणि मिक्सरला मीही हात लावलेला नाही. तो कसा सुरू झाला ते मला कळवा. त्यांना नको.