पुढे चालणाऱ्याच्या भरवशावर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या लाडक्या (आणि सध्या टाचांना फोड आलेल्या) भाचीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचं घोरणं शेजाऱ्यांना मानवलं का? मी ठणठणीत आहे. म्हणजे कमरेच्या वर.

विनंती विशेष अशी, की दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्या मलाच एकाची दोन अक्षरं दिसायला लागली. आमचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "फोन ठेव जरा. लांबचं काहीतरी बघत जा." (खरंय त्यांचं. त्याच आठवड्यात माझं दूध उतू गेलं, तेव्हा मी दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावं, याचाच व्हिडिओ बघत होते.) झालं! एका रविवारी फोन कपाटात कोंडला आणि मागच्या टेकडीवर एकटीच निघाले. वारा, पाखरं, एकांत! एक पाखरू इतकं सुरेख होतं, की फोटो काढायला मी रिकामा हातच वर केला. (ते उडालं. मला वेडी समजलं असणार.) पुढे वाटेला फाटे फुटले. डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगणारी फोनमधली बाई घरी कपाटात. तेवढ्यात एक टोपीवाला झपाझप जाताना दिसला. इतक्या ठामपणे चालणारा माणूस वाट चुकलेला असेल, असं तुला तरी वाटेल का? मी त्याच्या मागे. तो वळला की मी वळायची. तो पळायला लागला. मला वाटलं, पुढे काहीतरी बघण्यासारखं असणार, म्हणून मीही पळाले. काटे, ओढा, पुन्हा काटे, आणि शेवटी तो गुडघाभर चिखलात रुतला.

"अहो बाई, तुम्हाला हवंय तरी काय?" तो ओरडला.

"रस्ता!"

"मला काय ठाऊक? तुमच्या तावडीतून सुटायला तर वाट सोडून पळतोय मी!"

लिफ्ट दुरुस्त करतो तो. कुणी ना कुणी सतत अडकलेलं, त्यामुळे फोन सतत वाजत असतो. तासभर शांतता हवी म्हणून तोही फोन घरी ठेवून आलेला. मी फांदी पुढे केली, ती मोडली. हात दिला, तेव्हा तो बाहेर आला, बूट आतच राहिला आणि मी धपकन चिखलात बसले. आत्या, आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. हसून दमल्यावर दगडावर गप्प बसलो, आणि कितीतरी दिवसांनी मला लांबचं एकेक झाड सुटं दिसलं. निघताना त्याने नंबर विचारला. मला माझा पाठ नव्हता, त्याला त्याचा! मग ठरलं, पुढच्या रविवारी याच चिखलापाशी. आठवडाभर मी फोन हातात घ्यायची, पण बघायचं काय त्यात? तो येईल की नाही, हे फोन थोडाच सांगणार होता! पण तो आला, नवे बूट घालून. तेव्हापासून एकांत आम्ही दोघं मिळून पाळतो.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार.

तुझीच,
चिमणी

ता. क. : तो येत्या रविवारी आबांना भेटायला येतोय. आबांना यातलं अक्षरही माहीत नाही. तुझ्यापुढे तुझ्या भावाचा आवाज चढत नाही, तेव्हा गुडघ्याला काहीही बांध, पण शनिवारीच ये.

पुन्हा ता. क. : या पत्राचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, माझी शपथ आहे. मी त्यातून कधीच बाहेर पडले आहे. टाकलासच, तर कोण काय म्हणालं ते मला कळव. शब्द न् शब्द.